क्रूझरला सॅडलबॅग लावायच्या आहेत: टाकायच्या, आवळायच्या की कडक पेट्या?

उजवा_सायलेन्सर

मंडळी, माझ्या क्रूझर मोटरसायकलला मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना सॅडलबॅगा लावायच्या आहेत. गाडीची रचना अशी: मागचे दोन्ही शॉक (धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा) बाहेरून, तिरके. दोन्ही सायलेन्सर उजव्या अंगाला, एकावर एक. डावीकडे चाक फिरवणारा बेल्ट. मागचे इंडिकेटर मडगार्डच्या स्ट्रटवर (मडगार्ड धरून ठेवणाऱ्या बाजूच्या पट्टीवर), म्हणजे बॅग यायची नेमकी तिथेच. मागे बसणारं माणूस बहुतेक वेळा असतंच.

पर्याय तीन दिसतात. सीटवरून टाकायची जोडी, स्ट्रटला ब्रॅकेट लावून पक्क्या बसवायच्या चामड्याच्या बॅगा, किंवा कुलपाच्या कडक पेट्या. माप कसं घ्यायचं, सायलेन्सरपासून अंतर किती ठेवायचं आणि इंडिकेटर हलवावेच लागतील का, हे हवंय. दिसायला कुठल्या छान ते मला कळतं, बाकीचं सांगा.

पाना_क्रमांक_तेरा

बॅग सगळ्यात शेवटी निवडा. आधी ब्रॅकेट कुठे बसेल ते ठरवा, मग त्या ब्रॅकेटवर कुठल्या आकाराची बॅग राहते ते बघा. उलट्या क्रमाने गेलं की आवडलेल्या बॅगेसाठी वॉशरच्या चळती रचत बसावं लागतं.

एक गैरसमज आधीच काढतो. खड्ड्यात गाडी दबली की बॅग सायलेन्सरवर टेकेल, अशी भीती बऱ्याच जणांना असते. तसं होत नाही. बॅग मडगार्डला, मडगार्ड चासीला आणि सायलेन्सरही चासीलाच, त्यामुळे तिघं एकत्रच खालीवर होतात. बॅगेच्या तुलनेत हलतं ते स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा, वरखाली हलणारा दांडा) आणि त्याच्यासोबतचं सगळं: चाक, ॲक्सलचा नट, ब्रेक कॅलिपर, बेल्टचा गार्ड, शॉकचं खालचं टोक. तेव्हा या पाच गोष्टींपासूनचं अंतर गाडी पूर्ण दबलेली असताना मोजायचं. सायलेन्सरपासूनचं अंतर उभ्या गाडीवर मोजलं तरी चालतं, फक्त बॅगेचं बूड पुढे झोळ खाणार नाही एवढं बघायचं.

मापासाठी पुठ्ठ्याचा खोका करा. बॅगेची लांबी, उंची, जाडी बक्कल आणि रिव्हेटसकट धरा, कारण मागच्या बाजूच्या रिव्हेटची डोकीच आधी घासतात. खोका चिकटपट्टीने जागेवर लावा आणि मागे माणूस बसवा. त्याची टाच फुटरेस्टवर असताना खोक्याला लागते का? लागत असेल तर खोका मागे सरकवा. पण खोक्याचा मध्य ॲक्सलच्या मागे जितका जाईल तितकं पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात गाडी डुलायला लागते. टाच आणि ॲक्सल यांच्यामध्येच काय ती तडजोड.

आता दाब. बहुतेक क्रूझरचं मागचं चाक ५० ते ११० मिमी वर येतं. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. ब्रॅकेट बसल्यावर संशयाच्या जागी मुलांच्या खेळण्यातल्या मातीची सुपारीएवढी गोळी चिकटवायची, मागे माणूस बसवून गतिरोधकावरून हळू जायचं आणि गोळी किती चपटी झाली ते बघायचं. १५ मिमीपेक्षा पातळ झाली तर ती जागा नापास. गतिरोधकावर शॉक पूर्ण दबत नाही, म्हणून तिथे दिसलेलं अंतर कधीच उदार मनाने वाचू नये.

आकाराबद्दल: तिरक्या शॉकला पुढची कड तिरकी कापलेली बॅगच बरी. ती शॉकच्या मागे जाऊन बसते. चौकोनी बॅग शॉकच्या बाहेरून न्यावी लागते, म्हणजे दोन्ही बाजूंना स्पेसर वाढले आणि गाडी रुंद झाली. दोन्ही बॅगांची बाहेरची रुंदी हँडलपेक्षा जास्त नको. हँडल गेलं की गाडी गेली, हा अंदाज डोक्यात पक्का बसलेला असतो आणि रुंद बॅग तोच मोडते.

चामडं_आणि_दोरा

माप वर झालंच आहे, मी मालाबद्दल लिहितो.

चामड्याची बॅग घेताना जाडी बघा. ३ ते ४ मिमी चामडं स्वतःचा आकार धरून ठेवतं. २ मिमीचं नवं असताना छान उभं राहतं आणि एका पावसाळ्यात त्याचं पोतं होतं. पाठीला आतून ३ मिमीचा प्लॅस्टिकचा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा आहे का, हात घालून चाचपा. तो नसेल तर ब्रॅकेटच्या दोन दांड्यांमधून पाठ फुगून चाकाकडे जाते. माल भरल्यावर जाते, रिकामी बघताना ते कळतच नाही. पत्रा नसलेली बॅग आवडलीच असेल तर आपण कापून घालता येतो. कोपरे गोल करा, नाहीतर तेच शिवण कापतील.

रिव्हेट उलट्या बाजूने बघा. आत वॉशर असेल तर ठीक. नुसतं चामड्यात दाबलेलं रिव्हेट पट्ट्याच्या ओढीने भोक मोठं करून निघून येतं. शिवण नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या जाड दोऱ्याची हवी. सुती दोरा कुजतो आणि बूड एके दिवशी दारासारखं उघडतं. बक्कल शोभेचं आणि त्याखाली प्लॅस्टिकचं चटकन उघडणारं क्लिप, ही सोय वापरायला बरी, पण ते क्लिप सुटं मिळतं का ते बघा. तुटतं तेच.

पाण्याचं: चामड्याची बॅग जलरोधक नसते, विकणारा काहीही म्हणो. आत तोंड गुंडाळून बंद होणारी वेगळी पिशवी ठेवा आणि बुडाला सगळ्यात खालच्या कोपऱ्यात ५-६ मिमीचं आयलेट (धातूची कडी बसवलेलं भोक) मारा. भोक पाडलं की पाणी येईल असं वाटतं, पण वरून शिरलेलं पाणी जायला वाट नसली तर बूड दोन-दोन दिवस भिजत राहतं. भिजलेली बॅग सावलीत, आत कागद कोंबून वाळवायची. उन्हात किंवा हीटरपुढे ठेवली की आकसते आणि मग झाकण कधीच नीट बसत नाही. आणि तेल कमी लावा. जास्त पाजलं की चामडं लोळागोळा होतं आणि पट्टे लांबतात.

रेक्झिनच्या बॅगेला पाण्याची भीती कमी, उष्णतेची जास्त. चामडं आधी कडक होतं, काळं पडतं, म्हणजे इशारा देतं. रेक्झिन थेट वितळून सायलेन्सरला चिकटतं. कडक पेटी एबीएस प्लॅस्टिकची असेल तर ते साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास नरम पडायला लागतं, आणि सायलेन्सरचा पत्रा त्याहून खूप गरम होतो.

आडवाट

वरच्या दोघांनी सीटवरून टाकायच्या जोडीला एका ओळीचीही जागा दिली नाही. सीटवरची जोडी म्हणजे आपली पडशीच. घोड्यावर चालली ती गाडीवर का चालू नये? रोज बॅग लागत नाही, फक्त लांबच्या प्रवासाला हवी, त्याला हाच पर्याय सोयीचा. भोकं पाडायची नाहीत, इंडिकेटरही बहुतेक वेळा तसेच राहतात.

अटी मात्र आहेत. जोडणारा पट्टा मागच्या सीटच्या खालून न्यायचा, वरून नाही, आणि सीट परत लावल्यावर लॉक बसल्याचा आवाज ऐकायचा. जाड पट्ट्यामुळे लॉक अर्धवट बसतं, हे फार होतं. पट्ट्याखाली मडगार्डवर पारदर्शक फिल्म लावा, कारण पट्टा आणि रंग यांच्यामध्ये शिरलेली धूळ पॉलिश पेपरचं काम करते. पुढचा आणि मागचा खालचा कोपरा चासीला बांधायचा. बॅगेला आतून टेकायला आधाराची दांडी लागतेच, ती टाळता येत नाही. वळणावर हलकी बॅगही आत झुलते, पट्ट्याचं टोक चाकात गेलं की बॅग ओढली जाते आणि चाक जाम. लांब सुटलेली टोकं कापून, जाळून घ्या किंवा गुंडाळून टाय मारा.

पाना_क्रमांक_तेरा

घोड्याला चाक नसतं. बाकी सगळं मान्य. आणि आधाराची दांडी लावायचीच असेल तर स्ट्रटचे बोल्ट उघडावेच लागतात. मग पक्कं ब्रॅकेटच का नको, एवढंच माझं म्हणणं.

उजवा_सायलेन्सर

खोका लावून बघितला. तिरक्या काटाची बॅगच बसते. पक्क्या ब्रॅकेटचा विचार नक्की केला. मापं अशी:

स्ट्रटला दोन बोल्ट, एम८ (८ मिमी व्यासाचे), डोक्याखालची लांबी ३० मिमी, मडगार्डच्या आत वेल्ड केलेला नट. ब्रॅकेटची पट्टी ५ मिमी. शॉकची स्प्रिंग चुकवायला बॅग साधारण २० मिमी बाहेर यायला हवी. वरच्या सायलेन्सरपासून बॅगेच्या बुडापर्यंत ३५ मिमी राहतात. इंडिकेटर मधे येतातच.

आणि ब्रॅकेटला तिसरा, खालचा आधार आहे. तो शॉकच्या खालच्या बोल्टला घ्यायचा का?

आटेदार

शेवटच्या प्रश्नाचं आधी: अजिबात नाही. शॉकचं खालचं टोक स्विंगआर्मवर, स्ट्रट चासीवर. दोघांना एका लोखंडी दांडीने जोडलं की एकतर शॉक चालणार नाही किंवा पहिल्या खड्ड्यात ब्रॅकेट वाकेल, वेल्ड तुटेल. तिसरा आधार मागच्या फुटरेस्टच्या चासीवरच्या बोल्टला घ्या. शॉकचा वरचा बोल्ट चासीवर असतो खरा, पण तिथे पट्टी घुसवली की नटाला आटे कमी उरतात. ते काम त्या गाडीसाठीच बनवलेल्या, सोबत लांब स्टड देणाऱ्या ब्रॅकेटलाच शोभतं.

आता बोल्टची लांबी. जुना ३०, त्यात स्पेसर २० आणि पट्टी ५. नवा ५५ मिमी. वॉशर १.६ मिमीचा टाकला तर तेवढे आटे कमी धरले जातात, ते जुना बोल्ट काढून मोजा. पोलादी नटाच्या पूर्ण जाडीत बोल्टचे आटे गुंतायला हवेत. कमी पडत असतील तर ६० चा घ्या आणि जास्तीचा भाग कापा. ‘लांब घेतला तर काय बिघडलं’ हे इथे चालत नाही. नट मडगार्डच्या आत आहे, त्याच्यापुढे टायर. बोल्ट नटाबाहेर दोन-तीन आटे, म्हणजे ३-४ मिमी, एवढाच दिसावा. १५ मिमी बाहेर आलेला बोल्ट गाडी दबल्यावर टायर सोलतो. बाहेरून काही दिसत नाही आणि टायर फुटल्यावरच कळतं.

एम८ चा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिमी असतो. काही अमेरिकन क्रूझरना ५/१६ इंची, इंचाला १८ आट्यांचा बोल्ट असतो. त्याचा व्यास ७.९४ मिमी, म्हणजे डोळ्यांना एम८ सारखाच. दीड-दोन फेरे हाताने जातो, मग घट्ट होतो, माणूस पाना लावतो आणि आटे मरतात. नवा बोल्ट पूर्ण आतपर्यंत बोटांनीच जायला हवा. नाही गेला तर थांबा.

स्पेसर भरीव पोलादाचा, आतून ८.५ आणि बाहेरून निदान १६ मिमी. चार-पाच वॉशर रचून २० मिमी करू नका. प्रत्येक जोडावर ते थोडे बसतात आणि बोल्टचा ताण उतरतो. बोल्ट बॅगेचं वजन नुसता खांद्यावर घेत नाही. तो स्पेसरला स्ट्रटवर दाबून धरतो आणि त्या दाबामुळे सगळं एकजीव राहतं. दाब गेला की बोल्ट वाकायला लागतो आणि कंपाने तुटतो. याच कारणाने बोल्टच्या डोक्याखाली किंवा स्पेसरच्या मागे रबर नको. रबर हवंच असेल तर बॅग आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये.

क्रम असा ठेवा. गाडी पॅडॉक स्टँडवर (मागून उचलून गाडी सरळ धरणाऱ्या स्टँडवर) उभी करा. एका बाजूचेच बोल्ट काढा, कारण दोन्ही बाजू एकदम सोडल्या तर मडगार्ड खाली बसतं आणि भोकं जुळवता जुळवता घाम फुटतो. एक बोल्ट काढून नवा अर्धवट लावा, मग दुसरा. तिसरा आधारही सैलच जोडा. सगळे बोल्ट हाताने बसले की ब्रॅकेट सरळ करा आणि मगच आवळा. तिसरं भोक जुळत नसेल तर ब्रॅकेट ओढून बोल्ट घुसवू नका. तो ताण कायमचा राहतो आणि तडा वेल्डपाशी जातो. भोक कानशीने लांबट करा. ते परवडतं.

आवळणी: ८.८ दर्जाच्या (हा बोल्टच्या ताकदीचा दर्जा) एम८ ला २० ते २४ न्यूटन-मीटर, एम६ ला ९-१०. मॅन्युअलमध्ये स्ट्रटचा आकडा दिला असेल तर तोच खरा. आट्यांना निळं लॉक्टाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद), २४३ चालेल, एक थेंब. लाल नको. स्टेनलेस बोल्ट चकचकीत दिसतो, पण स्टेनलेसच्या नटात कोरडा फिरवला तर आटे एकमेकांना धरून जागीच जाम होतात, आणि ॲल्युमिनियममध्ये ओल्या हवेत पांढरा गंज धरतो. तुमचा नट पोलादी आहे, ८.८ चा झिंक चढवलेला बोल्ट लावा.

पहिल्या १०० किमीनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. बोल्टच्या डोक्यापासून पट्टीवर मार्करची एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. पुढे पाना काढायची गरजच नाही, नजर टाकली की झालं.

चामडं_आणि_दोरा

३५ मिमी कमी आहे. बूड थेट सायलेन्सरच्या वर असेल तर आड काही नसताना ७५ मिमी तरी ठेवा. चालत्या गाडीवर हवा उष्णता घेऊन जाते. बॅग जळते ती गाडी थांबल्यावर, सिग्नलला किंवा नुकतीच उभी केल्यावर, कारण तेव्हा सगळी गरमी सरळ वर येते. म्हणून ‘तासभर चालवली, काही झालं नाही’ ही चाचणी नव्हे. तासभर चालवा, मग गाडी चालू ठेवून मोकळ्या हवेत दहा मिनिटं जागेवर उभी करा आणि बूड आतून हाताने बघा. हात टिकत नसेल तर बदल करा.

ब्रॅकेटमध्ये जागा असेल तर बॅग २५ मिमी वर घ्या. डावीही तेवढीच, नाहीतर मागून गाडी तिरपी दिसते. मग अंतर ६० झालं. उरलेल्यासाठी दीड मिमीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, बुडापासून १० ते १२ मिमी मोकळी जागा सोडून, पोलादी स्पेसरवर. काम ती मोकळी हवा करते. बुडाला चिकटवलेला पत्रा फक्त गरमी पसरवतो. पत्रा जागी बसला की तीच दहा मिनिटांची चाचणी पुन्हा घ्या. उजव्या बॅगेत पेट्रोलची बाटली, चेन क्लीनरचा स्प्रे, पॉवर बँक यांतलं काही नको.

पाना_क्रमांक_तेरा

इंडिकेटर हलवायला दोन जागा. नंबरप्लेटच्या दोन्ही बाजूंना, किंवा मडगार्डच्या मागच्या टोकाला पट्टी लावून. बॅगा लावल्यावर दहा पावलं मागे आणि मग तिरकं उजवी-डावीकडे उभं राहून बघा. दिवा बॅगेमागे लपला तर वळणारी गाडी कोणाला कळणार नाही. नंबरप्लेट आणि ब्रेकलाइटही तसेच तपासा.

वायर वाढवताना २१ वॅटच्या बल्बला १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर लागतात, ०.७५ चौमिमीची वायर पुरते. सोल्डर करून आतून गोंद असलेली हीट श्रिंक ट्यूब. दोन वायरींचे जोड एकासमोर एक नको, ३० मिमी मागेपुढे ठेवा, म्हणजे ट्यूब फाटली तरी शॉर्ट होत नाही. पिळून काळी टेप मारलेला जोड मडगार्डखालच्या पाण्याने हिरवा पडतो. वायर मडगार्डच्या आतून नेताना कडेच्या घडीत क्लिपने धरा, टायरवर लोंबता कामा नये.

नवा ब्रॅकेट लावल्यावर इंडिकेटर मंद लागला किंवा लागलाच नाही, तर बल्बवर राग काढू नका. काही इंडिकेटरांना अर्थिंग त्यांच्या बुडाच्या बोल्टमधूनच मिळतं. पावडर कोटिंग केलेल्या ब्रॅकेटवर ते तुटतं. बोल्टखालचा रंग खरवडा किंवा चासीपर्यंत वेगळी अर्थ वायर ओढा. दुसरा उपाय जास्त टिकतो, खरवडलेल्या जागी गंज धरतोच.

आडवाट

वजनाचं कोणी बोललं नाही. मॅन्युअलमधला एकूण भार घ्या, त्यातून सगळं वजा करा. समजा १८० किलो. चालवणारा ७५, त्याचं हेल्मेट-जॅकेट ८, मागचं माणूस ६०, त्याचं ५. झाले १४८, उरले ३२. रिकाम्या बॅगा आणि ब्रॅकेट मिळून १३ धरा, राहिले १९. प्रत्येकी साडेनऊ वाटतात, पण बॅगेवर मर्यादा पाच किलो लिहिली असेल तर पाचच. दोन मर्यादांमधली लहान ती खरी. मोठ्या बॅगेची अडचण तीच, जागा आहे म्हणून खोगीरभरती होते.

जड वस्तू तळाशी आणि पुढच्या कोपऱ्यात. हत्यारं, पाणी तिथे. कपडे वर आणि मागे. दोन्ही बाजूंत किलोभरापेक्षा जास्त फरक नको, घरच्या वजनकाट्यावर बघता येतं. भरल्यावर दोन्ही शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा आगाऊ ताण) हुक पान्याने सारख्याच खाचेवर वाढवा आणि मागच्या टायरची हवा मॅन्युअलमधल्या दोघांच्या आकड्यावर न्या. गाडीची बसण्याची पातळी बदलली की हेडलाइटचा झोतही सरकतो, तो भिंतीवर पुन्हा जुळवा.

उजवा_सायलेन्सर

सगळ्यांचे आभार. एक राहिलं. रिकामी बॅग असताना उजवीकडून खडखड येते, माल भरला की बंद. बोल्टवरच्या रेघा जागेवर आहेत.

आटेदार

रेघा जागेवर असतील तर ब्रॅकेट ठीक आहे. झाकणाचं बक्कल पाठीच्या पत्र्यावर किंवा बॅगेचं बूड उष्णतेच्या पत्र्याच्या स्पेसरवर आपटत असणार. एका हाताने झाकण दाबून धरा, दुसऱ्याने बॅग हलवा. आवाज थांबला तर बक्कलाखाली चामड्याचा तुकडा चिकटवा. नाही थांबला तर बॅग काढा आणि आतले बोल्ट बघा. बॅग ब्रॅकेटला धरणाऱ्या एम६ खाली ३० मिमीचा रुंद वॉशर हवा. लहान वॉशर पाठीच्या पत्र्यात रुततो आणि भोक अंडाकृती होतं. तसं झालं असेल तर वॉशर बदलून नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला) नट लावा. माल भरल्यावर आवाज बंद होतो म्हणताय, त्यावरून मला हेच भोक वाटतंय.